झांजेच्या आधीचा ठोका

विन्या, तुझ्या नावानं मेल आलाय. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं, तुझ्या खुर्चीवरची धूळ झटकली, मशीन सुरू केलं आणि पहिलाच मेल तुला. आपल्या डिकोडरच्या तक्रारपेटीतून आपोआप निघालेला. तुम्ही नोंदवलेली तक्रार बरेच दिवस पडून आहे, दोष अजून दिसतो का ते कळवा, महिनाअखेरपर्यंत तक्रारदाराकडून उत्तर आलं नाही तर ती बंद करण्यात येईल. तक्रारदार कुठं गेला हे त्या यंत्राला कसं कळणार? मी मात्र त्या ओळींकडं बघत बसलो आणि मला तुझा जाम राग आला. भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच.

हे सुनंदा वहिनी वाचतील, नानाही चष्मा लावून वाचतील, म्हणून तुला ठाऊक असलेलंच थोडं परत सांगतो. डिकोडर म्हणजे दाबून लहान केलेली गाण्याची फाईल उलगडून तिचा पुन्हा आवाज करणारा प्रोग्राम. आपण धरला होता तो फुकटचा, देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेला. त्याचं पोट कुणीही उघडून बघावं आणि जमलं तर दुरुस्त करून परत पाठवावं, अशी उघडी पद्धत. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या दोन माणसांना याहून जास्त काय पाहिजे होतं?

नव्वदीत आखाडा बाळापूरच्या बाजारात आपण दुकान टाकलं तेव्हा लोकांना आपल्या जोडीची गंमत वाटायची. तू महादेवाच्या देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा, मी डोंगरकड्याच्या मेंढपाळाचा. नाना तुला विचारायचे, सोवळं सोडून तारा काय जोडत बसतोस. माझा बाप मला विचारायचा, मेंढरं कोण वळणार. दोघांनाही आपण शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. मग कॅसेटी मागं पडल्या, आपण कॉम्प्युटर घेतला आणि लोक घरातल्या जुन्या कॅसेटी घेऊन येऊ लागले, सीडीवर करून द्या म्हणून. त्यातलं एक कीर्तन उलगडताना मधेच चिरकायचं. तू हट्टाला पेटलास. आपण त्या प्रोग्रामचं पोट उघडलं, पावसाळाभर त्यात हात घातले आणि चूक सापडली. फोनची लाईन दहादा तुटत असताना आपली दुरुस्ती तिकडं गेली आणि तिकडच्यांनी ती घेतलीही.

तू बाजारात पेढे वाटलेस. कशाचे, असं लोकांनी विचारलं तर म्हणालास, आवाजाचे. दुपारी चार बायका बाळंतविडा घेऊन वहिनींकडं आल्या. वहिनी अजून ते सांगतात आणि हसतात. हसायच्या, असं लिहायला हवं. या महिन्यात एक वेळ सोडली तर मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही.

तुझी आणि माझी रीत सुरुवातीपासून वेगळी. तू कानानं तपासायचास, मी वजाबाकीनं. वजाबाकी हे आपणच दिलेलं नाव. एकच फाईल, एकदा पक्क्या बरोबर असलेल्या डिकोडरनं उलगडलेली आणि एकदा आपण हात लावलेल्या डिकोडरनं. एका आवाजातून दुसरा वजा करायचा. दोन्ही सारखे असतील तर खाली शून्य उरतं, हेडफोनमध्ये नुसती शांतता. काही उरलं तर ती चूक. मला ती शांतता फार आवडायची. तुला ती आवडत नसे. तू म्हणायचास, माणसं आवाज ऐकतात, शून्य कोण ऐकतं?

आता आपली करामत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वजाबाकीसाठी खात्रीचा, बरोबर उलगडलेला आवाज लागतो. त्या फायली भल्या थोरल्या आणि आपली लाईन ही अशी. तेव्हा आपण दोघांनी एक शहाणपण केलं. ज्या दिवशी आपला डिकोडर सगळं छान वाजवत होता, त्या दिवशीचा त्याचाच आवाज सीडीवर भरला आणि सीडीवर लिहिलं, 'मूळ'. पुढं खंडेनवमी आली. पाटावर सोल्डरिंगची कांडी, मीटर, पक्कड मांडली आणि तू ती सीडीही मांडलीस. हळदकुंकू वाहिलं, नानांनी अक्षता टाकल्या. पुढं दर वर्षी हेच. विन्या, एकदा पुजलेली वस्तू आपण तपासत नाही. तूही नाही, मीही नाही.

मग तुझा तो ठोका सुरू झाला. देवळातल्या संध्याकाळच्या आरतीची फाईल आपण एका जुन्या प्रोग्रामनं दाबून ठेवली होती, तिचाही आवाज 'मूळ'मध्ये भरलेला होता. झांज वाजवणारा तूच. लहानपणापासून ती झांज तुझ्याच हातात. ती फाईल ऐकताना एक दिवस तू हेडफोन काढलास आणि म्हणालास, झांजेच्या जरा आधी खाली काहीतरी आपटतं. धप्प असं. मी ऐकलं. मला झांज ऐकू आली. परत ऐकलं, झांजच. वजाबाकी केली, स्वच्छ शून्य. तू तक्रार नोंदवलीस. तिकडच्यांनी फाईलचा तुकडा मागवला, ऐकला आणि कळवलं की त्यांना काही वेगळं ऐकू येत नाही, फरक आकड्यात दाखवा. आकड्यात तर शून्य होतं. तक्रार तशीच पडून राहिली आणि तू दुकानात रोज ती झांज लावू लागलास. गिऱ्हाईक समोर उभं असतानाही. मला त्या झांजेचा वीट आला होता.

त्याच सुमारास मला दुसरंही दिसू लागलं होतं. लोडशेडिंग संपून वीज आली की इन्व्हर्टर शिट्टी घालायचा, ती तुला कळायची नाही. मोबाईलची बारीक घंटी तुझ्या खिशात वाजत राहायची आणि मी सांगायचो, उचल. मीच तुला ओढत नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि आपल्या दोघांसमोर सांगितलं की खालचे आवाज तुला चांगले येतात, पण अमुक पट्टीच्या वर काही येत नाही आणि ते परत येणार नाही. लहानपणापासून कानाजवळ काही जोरात वाजवता का, असं विचारलं. तू हसलास. देवाचंच काम केलं म्हणालास. येताना एसटीत तू खिडकीबाहेर बघत होतास आणि मी डॉक्टरांनी सांगितलेली ती हद्द मनात घोकत होतो. काय करणार, आकडा दिसला की तो पाठ करायची मला सवय आहे.

त्यानंतरचं भांडण वहिनींच्या कानावर पडलेलं आहे, त्या चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. मी म्हणालो, "कान गेलाय तुझा, डिकोडर न्हाई गेला. काहून मान्य करत न्हाईस?"

तू आवाज न चढवता म्हणालास, "कान गेला, मान्य हाये. पण ठोका हाये, किसना. दोनी गोष्टी हायेत."

मी म्हणालो, दोन्ही कशा असतील? ज्याला इन्व्हर्टरची शिट्टी येत नाही त्याला साऱ्या दुनियेला न येणारा ठोका येतो, हे कुणाला पटणार? तू झांजेची फाईल परत लावलीस आणि माझ्याकडं पाठ केलीस. मी माझे शब्द आजही मागं घेत नाही, ते खरेच होते. भांडण मात्र तिथंच राहिलं. मग तू वाशीमला स्पीकर आणायला गेलास आणि कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, ढाब्याजवळच्या वळणावर, मागून ट्रक आला.

ड्रायव्हर म्हणतो, मी लांबूनच हॉर्न दिला होता, याला ऐकू आला नाही. ही गोष्ट तुझ्या आधी गावात येऊन पोचली. बहिरा होता, गाडी चालवायलाच नको होती. दवाखान्याच्या आवारात म्हणाले, स्मशानात म्हणाले, दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघताना म्हणाले. मी दोघांशी कडाकडा भांडलो. खालचे आवाज त्याला चांगले येत होते, असं ओरडून सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही. बहिरा म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच बटण असतं, चालू नाहीतर बंद.

पण विन्या, लोक गेले खड्ड्यात. वहिनींना पोलीस ठाण्यात जबाब द्यायचा होता. तुला ऐकू कमी येत होतं का, हेच विचारणार होते. त्यांच्या भावानं सांगितलं, होय म्हणून मोकळी हो, उगीच ताण कशाला. मी भेटायला गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, तुमी नांदेडला संगं व्हता. खरं सांगा. त्याहीला हॉर्न आला असंल का न्हाई? मीच म्हणले व्हते, आज दुपारीच जाऊन या म्हणून."

मी येत असणार म्हणालो. असणार म्हणालो. त्यांनी निवडलेले तांदूळ परत सुपात ओतले आणि पहिल्यापासून निवडायला लागल्या. तेव्हा मला कळलं की या बाईला माझं 'असणार' उपयोगाचं नाही. तिच्या अख्ख्या जन्माचा प्रश्न आहे. तू न ऐकता गेलास, तर तिनं एका बहिऱ्या माणसाला रस्त्यावर पाठवलं. तुझ्या कानाला येत होतं, तर चूक तिची नाही, रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाची तरी.

जबाब सोमवारी होता. महिनाही सोमवारीच संपत होता. मी शुक्रवारी मशीनसमोर बसलो. खरं सांगू, तुझी तक्रार बंद करायलाच बसलो होतो. शेवटची वजाबाकी करायची, शून्य आलं की तसं कळवायचं आणि एक ओझं उतरवायचं. 'मूळ' सीडी काढली, ड्राईव्हमध्ये घातली. ड्राईव्ह घरघरला, थांबला, परत घरघरला आणि सीडी बाहेर काढून टाकली. पुसली, फुंकली, परत घातली. तेच. इतक्या वर्षांचं हळदकुंकू आणि अक्षता घासून तिच्यावर नुसते ओरखडे झाले होते. तुझी पूजा सीडीला भोवली, विन्या. मी तुला जोरात शिवी दिली आणि मग दुकानात एकटाच हसलो.

आता खात्रीचा आवाज कुठून आणायचा? हिंगोलीत ब्रॉडबँड आलंय. शनिवारी सकाळीच तिकडं गेलो आणि दुसऱ्याच कुणीतरी, वेगळ्याच पद्धतीनं लिहिलेला डिकोडर उतरवून आणला. त्याच्यावर आपला हात कधी लागला नव्हता आणि त्याला कुणी कुंकूही लावलेलं नव्हतं. त्यानं आरतीची फाईल उलगडली. आपल्यानं उलगडली. वजाबाकी केली.

शून्य आलं नाही.

जिथं जिथं तुझी झांज होती तिथं तिथं काहीतरी उरलं होतं. झांजेच्या जरासं आधी. मी तिथं हात जोडून बसलो नाही, आधी कोड उघडलं. अचानक मोठा आवाज आला की फाईल तो बारीक तुकड्यांत साठवते. मात्र खालच्या पट्टीतला थोडा भाग लांब तुकड्यातच ठेवायची मुभा असते. अशी सरमिसळ फारच थोडे जुने प्रोग्राम करतात, आपला आरती दाबणारा त्यातलाच. त्या दोहोंच्या सांध्यावर आपला डिकोडर पहिल्यापासून चुकत होता. आणि 'मूळ' त्याच डिकोडरनं भरलेलं. चूक इकडंही तीच, तिकडंही तीच. चुकीतून चूक वजा केली की शून्यच येणार. ज्या शांततेवर मी इतकी वर्षं जीव टाकला ती ही.

पण घोळ संपला नव्हता. मी आरती लावली आणि कान देऊन ऐकली. ठोका आहे हे ठाऊक असूनही मला ऐकू येईना. झांज वाजली की तिची झणझण माझे कान भरून टाकायची, तो ठोका तिच्या पायाखाली जायचा. मग तुला कसा आला? तेव्हा नांदेडची ती पाठ केलेली हद्द आठवली. मी मशीनला सांगितलं, या पट्टीच्या वरचं सगळं कापून टाक. आणि परत हेडफोन लावला.

विन्या, मी तुझ्या कानानं ऐकलं. धप्प. झांजेच्या आधी, अगदी तू सांगायचास तसं. कुणी ओट्यावर पाटा ठेवावा तसं. दर वेळी, बिनचूक. आणि त्याच्या पाठोपाठ झांज. ती झांज नव्हतीच रे. फळीवर फळी आपटल्यासारखं काहीतरी होतं. नानांचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा. मी हेडफोन काढून ठेवला. रोज संध्याकाळी देवळात उभा राहून तू हे वाजवत होतास आणि हे ऐकत होतास? इतकी वर्षं? ठोक्यासाठी तू माझ्याशी भांडलास, साऱ्या दुनियेला कळवलंस. आपली झांज गेली, हे मात्र तू कुणालाच सांगितलं नाहीस. मी काउंटरवर डोकं ठेवून रडलो. समोरच्या पानटपरीवाल्यानं येऊन शटर अर्धं खाली ओढलं आणि गेला.

दोन्ही गोष्टी होत्या. कान गेला होता आणि ठोका होता. कान गेला म्हणूनच ठोका उघडा पडला होता. तू बरोबर, मीही बरोबर. असं भांडण आपल्यात पहिल्यांदाच मिटलं आणि तू नाहीस.

रविवारी मी मशीन, म्हणजे आपला लॅपटॉप, पिशवीत घालून तुझ्या घरी नेलं. त्याआधी नाक्याच्या वळणावर उभा राहून तीन-चार ट्रकांचे हॉर्न भरून घेतले होते. लांबून, जवळून. ढाब्यावरचे लोक मला वेडा समजले. घरी नाना झोपाळ्यावर होते. वहिनींना मी समजावून सांगितलं की हे वरचं कापलं म्हणजे त्याच्या कानाला जेवढं यायचं तेवढंच उरतं, बराबर तेवढंच. त्यांनी पदर डोक्यावरून सारखा केला आणि हेडफोन लावला. मी हॉर्न लावला, सगळ्यात लांबचा. त्या दचकून मागं वळल्या. अंगणात ट्रक आला की काय म्हणून.

मग त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मी म्हणालो, ड्रायव्हरनं लांबून हॉर्न दिला असता तर विन्याला आला असता, हे आता मी असणार म्हणून सांगत नाही. वहिनींनी मान हलवली. झोपाळा थांबला होता. नाना भिंतीकडं तोंड करून बसले होते. मी मशीन बंद करायला हात घातला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "थांबा. माझा आवाज कसा यायचा त्याहीला?"

मला नाही म्हणता आलं नाही. माईक पुढं धरला आणि म्हणालो, काहीही बोला. त्यांना काही सुचेना. तुझं नाव त्या घेणार नाहीत. शेवटी स्वयंपाकघराकडं बघत, रोजच्यासारखं म्हणाल्या, "जेवायला येता का? भाकरी निवून राहिली."

मी तेवढंच तुझ्या हद्दीत कापलं आणि त्यांना ऐकवलं. बोथट झालं होतं, धार गेली होती, पण शब्द न् शब्द कळत होता. माणूस ओळखू येत होतं. त्यांनी ते परत लावायला लावलं. मग आणखी एकदा. डोळे वाहत होते आणि या महिन्यात मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू पाहिलं.

"म्हणजे यायला सगळं येत व्हतं," त्या म्हणाल्या. "आयकून बी उठत न्हवते तर."

सोमवारी त्यांनी ठाण्यात जबाब दिला. माझ्या नवऱ्याला हॉर्न ऐकू येत होता, असं लिहून घ्या म्हणाल्या. मी बाहेर बाकावर होतो. तिथून दुकानात आलो आणि आपली दुरुस्ती पाठवली. तक्रारीच्या खाली प्रश्न होता, दोष गेल्याची तक्रारदारानं खात्री केली का. दुरुस्त डिकोडरनं मी आरती उलगडली, तुझ्या हद्दीच्या वरचं कापलं आणि पहिल्या झांजेपासून शेवटच्या झांजेपर्यंत ऐकली. ठोका कुठंही नव्हता. मी तुझ्या नावानं लिहिलं, होय, केली. ऐकलं.